काका, जोरात खोका!

आमच्या कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयात नळी घालून तपासणी आणि उपचार करायच्या खोलीच्या, दाराबाहेर दोन तऱ्हेचे नातेवाईक भेटतात, आणि दोघंही नेमकं उलटं वागतात.

पहिल्यांचा पेशंट घामाने भिजलेला असतो. छातीतली कळ जबड्यापर्यंत गेलेली, ईसीजीवर अ‍ॅटॅक स्पष्ट दिसतोय. डॉक्टर सांगतात, लगेच आत घ्यायला लागेल, सही करा. त्यावर उत्तर येतं, "सायेब, जरा थांबा. पुण्याचं दाजी निघाल्यात. साताऱ्यापर्यंत आल्यात, त्यास्नी येऊ द्या, मग ठरवू." दुसऱ्यांचा पेशंट स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो. जोतिबाच्या पायऱ्या चढताना छातीत भरून येतं, थांबलं की बरं वाटतं, असं बरेच महिने चाललंय. अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून एक्स-रेवर बघतात त्यात, एका नळीत (रक्तवाहिनीत) सत्तर टक्के ब्लॉक दिसतो आणि बाहेरची मंडळी लगेच म्हणतात, "आता आत हायतच, तर टाकूनच टाका की स्प्रिंग. परत कोण हेलपाटे घालणार?" स्प्रिंग म्हणजे स्टेंट, नळी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी.

पहिल्याकडे मिनिटंसुद्धा नसतात. दुसऱ्याकडे बहुतेक वेळा घरी जाऊन, जेवूनखाऊन, दोन जाणत्यांना विचारून ठरवायला भरपूर सवड असते. पण घाई करतो दुसरा आणि थांबतो पहिला. हे इतक्यांदा बघितलंय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

आधी माझ्याबद्दल. माहेर इचलकरंजी, नोकरी कोल्हापुरात, काम कॅथलॅब टेक्निशियनचं. मी डॉक्टर नाही. टेबल लावणं, वायर, कॅथेटर (लांब पातळ नळ्या), फुगे काढून देणं, मॉनिटरवर प्रेशरचा आलेख आणि ईसीजी यांवरून नजर न हलवणं, आणि पेशंटशी बोलत राहणं हे माझं काम. अंगावर पाच-सहा किलोचा शिशाचा अ‍ॅप्रन, गळ्यालाही शिशाचा पट्टा, खिशाला टीएलडी बॅज. किती किरणं अंगावर पडली ते मोजायला तो बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. माझ्या पाठीच्या दुखण्याचं मूळ त्या अ‍ॅप्रनमध्ये आहे असं माझं मत, सासूबाईंच्या मते ते मोबाइलमध्ये आहे. तुमचा उपचार तुमचे डॉक्टरच ठरवणार. मी फक्त त्या दाराच्या आत काय चालतं ते सांगते.

सुरुवात ईसीजीपासून, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच. हातापायांना चार आणि छातीवर सहा अशी दहा टोकं लावून आम्ही बारा बाजूंनी हृदयातली वीज बघतो. पण बघतो ती काही सेकंदांपुरती. त्या काही सेकंदांत हृदयाला रक्त कमी पडत नसेल, तर पट्टी स्वच्छ येते. "गेल्या महिन्यातच ईसीजी काढला, नॉर्मल होता, मग अ‍ॅटॅक आला कसा?" हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग मला समजतो. पण बसून काढलेला ईसीजी रक्तवाहिन्यांचा फोटो नसतो. आत्ता चालू असलेला मोठा अ‍ॅटॅक मात्र तो बहुतेक वेळा पाच मिनिटांत सांगतो, आणि तेवढ्यासाठी त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. शंका असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढतात. रक्तातलं ट्रोपोनिनही असंच. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं, पण उतरायला काही तास लागतात. दुखायला लागल्याबरोबर केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तरी दुसऱ्यांदा रक्त घेतात ते यासाठी. बिल वाढवायला नाही.

एक विनंती. जुन्या ईसीजीचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. ज्या कागदावर पट्टी छापतात तो उष्णतेवर चालणारा कागद असतो, वर्षा-दोन वर्षांत फाइलमध्येच पांढरा पडतो. आणि जुना ईसीजी शेजारी ठेवून बघता आला, तर "हा बदल आजचा की पूर्वीचा" हे रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला ताबडतोब कळतं.

मग टूडी इको. गरोदर बाईची सोनोग्राफी करतात तेच तंत्र, इथे छातीवर. स्नायूचा कुठला भाग नीट आकसत नाही, झडपा कशा आहेत, हृदयाभोवती पाणी आहे का, हे सगळं त्यात दिसतं. रक्तवाहिन्यांतले ब्लॉक मात्र त्यात दिसत नाहीत. रिपोर्टवर एक आकडा असतो, ईएफ, आणि तो घेऊन लोक रडत येतात. एक निवृत्त मास्तर तर रिपोर्ट हातात धरून म्हणाले होते, "बाई, माझं हृदय साठच टक्के चालतंय. चाळीस टक्के गेलं." गेलं नव्हतं काही. डावा कप्पा एका ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो, तो आकडा म्हणजे ईएफ. साधारण पंचावन्न ते सत्तर हे धडधाकट माणसाचंच माप. शंभर कुणाचंच नसतं. मास्तरांनी वर्गात शंभरपैकी साठ गुणांवर पोरांना किती बोलणी दिली असतील त्याचा हिशोब त्यांना त्या दिवशी चुकता झाला.

स्ट्रेस टेस्ट म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालणं. ब्रूस नावाच्या डॉक्टरांनी बसवून दिलेल्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या टप्प्यात ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे देवळात प्रदक्षिणा घालायचा वेग, पण दहा टक्के चढावर. आमच्याकडे बायका नऊवारी, काठापदराचं जे असेल ते नेसून आणि स्लिपर घालून येतात. कृपा करून पंजाबी ड्रेस आणि बूट घाला. पाय अडखळून टेस्ट थांबली, तर ती अर्धवटच, हृदयाबद्दल काहीच कळत नाही. आणि बायकांमध्ये ही टेस्ट विनाकारण पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं, तेव्हा रिपोर्ट बघून लगेच अंथरूण धरू नका.

सीटी अँजिओग्राफीबद्दल थोडक्यात. शिरेतून डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध, देऊन सीटी मशीनवर काढलेली चित्रं. ब्लॉक नाहीत हे खात्रीने सांगायला ती चांगली. नाडी जोरात असेल तर चित्र हलतं, म्हणून आधी ठोके कमी करायची गोळी देतात. नळ्यांत चुना खूप साठला असेल तर चित्र धड वाचता येत नाही. मग आमच्याकडेच यावं लागतं.

आता आमची खोली. थंडगार असते, यंत्रांसाठी. टेबल अरुंद. माणूस पूर्ण जागा असतो, फक्त मनगटाची जागा बधिर करतात. मनगटातल्या धमनीत दोनेक मिलिमीटर जाडीची शीथ (आखूड पोकळ नळी) बसवायची, त्यातून वायर, वायरवरून कॅथेटर, आणि ते दंडातून, खांद्यातून फिरवत हृदयाच्या तोंडाशी न्यायचं. आत सरकताना काही कळत नाही, कारण रक्तवाहिनीला आतून स्पर्शच समजत नाही. मनगटाची धमनी कधीकधी आकसते, तेव्हा हात दुखतो. पूर्वी सरसकट मांडीतूनच करायचे. नंतर चार-सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं, मांडीवर वाळूची पिशवी. मनगटातून अँजिओग्राफी करण्याची पद्धत माँट्रियलच्या लुसियाँ कांपो यांनी १९८९ मध्ये मांडली, आणि आज आमच्याकडचे बहुतेक पेशंट मनगटाला पट्टा लावून तासाभरात चहा पीत बसतात. मांडीची जागा अजूनही लागते, मनगटातून रस्ता मिळाला नाही की.

आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, मूत्रपिंड कसं चालतंय ते त्यावरून कळतं, कारण डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो. मधुमेहाच्या गोळ्या, कसलीही अ‍ॅलर्जी, पूर्वी डाय दिल्यावर अंगावर पित्त उठलं होतं का, हे सगळं न विचारता सांगा. गंभीर गुंतागुंत शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होते. पण शून्य नाही, म्हणून सही.

हृदयापर्यंत नळी नेता येते हे पहिल्यांदा ज्याने दाखवलं त्याची गोष्ट आमच्या प्रत्येक नव्या मुलीला मी सांगते. १९२९ साली जर्मनीत, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक सामानाच्या किल्ल्या गेर्डा डिट्सेन या सिस्टरकडे. त्याने तिला पटवलं, ती म्हणाली प्रयोग माझ्यावर कर. याने तिला टेबलाला बांधलं, आणि तिच्या नकळत स्वतःच्या दंडातल्या शिरेत मूत्रमार्गासाठी असलेली नळी सरकवली. मग दोघं जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेले आणि नळी हृदयात पोचल्याचा फोटो काढला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्याबरोबर. सिस्टरला काय मिळालं हे कुणी लिहीत नाही. बांधून घ्यायला तयार झालेली ती होती, हे माझ्या मुलींनी लक्षात ठेवावं एवढंच.

दुसरी गोष्ट याहून मला जवळची, कारण तिचा शेवट मी रोज ऐकते. १९५८ पर्यंत हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत, म्हणजे कोरोनरींत, थेट डाय सोडायला कुणी धजत नव्हतं. हृदय बंद पडेल ही भीती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुण पेशंटची तपासणी करत होते. डाय महाधमनीत सोडायचा होता, पण नळीचं टोक घसरून उजव्या कोरोनरीत गेलं आणि तीसेक मिली डाय तिथेच शिरला. हृदय थांबलं. सोन्स धावले, छाती उघडायच्या तयारीने. तेवढ्यात त्यांना सुचलं आणि त्यांनी पेशंटला ओरडून सांगितलं, खोक! तो खोकला. छातीतला दाब वाढून डाय पुढे ढकलला गेला आणि ठोके परत सुरू झाले. सोन्सच्या लक्षात आलं की तीस मिली पचला, तर चार-पाच मिली मुद्दाम सोडायला हरकत नाही. कोरोनरी अँजिओग्राफी जन्माला आली ती अशी.

आजही उजव्या कोरोनरीत डाय सोडल्यावर कधीकधी ठोके एकदम मंदावतात. मॉनिटरवरची रेघ लांबायला लागली की डॉक्टरांच्या आधी माझा आवाज जातो: "काका, खोका! जोरात खोका!" बिचारे काका घाबरून खोकतात आणि ठोके जागेवर येतात. नंतर बाहेर जाऊन सांगतात, "बाईंनी आत मला दरडावलं." हो, दरडावलं. पुढच्या वेळीही दरडावीन.

तर पडद्यावर हृदयाच्या नळ्या दिसतात. डावी मुख्य नळी, तिचे दोन फाटे, आणि उजवी. डॉक्टर अरुंद जागा बघून सांगतात, इथे ऐंशी टक्के, तिथे साठ. हे टक्के बाहेर गेले की त्यांचं भूत होतं. गावभर फोन जातात, "अण्णांचं ऐंशी टक्के ब्लॉक हाय!" आणि ऐकणाऱ्याला वाटतं वीसच टक्के आयुष्य उरलं.

अ‍ॅटॅक कसा येतो ते कळलं तर ही भीती थोडी जागेवर येईल. नळीच्या आतल्या भिंतीत चरबीचा थर साठतो. काही थर आतून पिकलेल्या, वरून पातळ कातडीच्या गळवासारखे असतात. तो थर फुटला की आतला माल रक्ताला भिडतो, रक्ताला वाटतं जखम झाली, आणि तिथे काही मिनिटांत गुठळी धरते. नळी बंद. फुटणारा थर पूर्वी चाळीस-पन्नास टक्केच अडवत असेल, त्याचा त्रास कधी जाणवलाही नसेल. उलट वर्षानुवर्षं घट्ट झालेला ऐंशी टक्क्यांचा ब्लॉक चढावर छातीत भरून आणेल, पण तो उद्या सकाळी फुटेलच असं काही नसतं.

म्हणून एकच स्प्रिंग दोन प्रसंगी दोन वेगवेगळी कामं करते. गुठळीने नळी बंद पडली असेल, तर मागचा स्नायू मरत चाललेला असतो. फुगा फुगवून, स्टेंट बसवून रक्त सुरू केलं की स्नायू वाचतो, माणूस वाचतो. दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून नव्वद मिनिटांत नळी उघडायची हे आमचं उद्दिष्ट. त्यातली वीस-पंचवीस मिनिटं दाजींनी खाल्ली की आम्ही धावून ती परत मिळत नाहीत. जवळपास कॅथलॅब नसेल आणि पोचायला दोन तासांहून जास्त लागणार असतील, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देऊन मग पेशंट पुढे पाठवतात. चंदगड, गगनबावड्याकडच्या लोकांनी हे माहीत करून घ्यायलाच पाहिजे. १०८ ला फोन करा. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवून "बघू तासाभरात काय होतंय" असं करत घरी बसू नका. त्या गोळीने रक्तदाब उतरतो, काही प्रकारच्या अ‍ॅटॅकमध्ये धोकादायक उतरतो. आणि शेजाऱ्याच्या खिशातली तर घेऊच नका.

दुसरा प्रसंग स्थिर त्रासाचा. चढावर दुखतं, थांबलं की थांबतं, महिनोन् महिने तेवढंच. इथे औषधं नीट चालू असताना स्टेंटने आणखी आयुष्य वाढतं का, हा प्रश्न मोठ्या अभ्यासांनी तपासला. २००७ चा करेज, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला इस्केमिया, ज्यात भारतासह सदतीस देशांतले पाच हजारांहून जास्त पेशंट होते. दोन्हींत उत्तर साधारण एकच निघालं. मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांना वरचेवर छातीत दुखायचं त्यांचं दुखणं मात्र स्टेंट किंवा बायपासने जास्त कमी झालं. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नव्हे. तो इथे दुखणं कमी करण्यासाठी असतो, जीव वाचवण्यासाठी नाही, आणि दुखण्याचं किती ओझं वाटतं हे ठरवणारा माणूस टेबलावर झोपलेला आहे, बाहेर बसलेला मेहुणा नव्हे. डाव्या मुख्य नळीतला ब्लॉक, किंवा हृदयाची ताकदच फार कमी झालेली, अशा पेशंटांना मात्र हे लागू नाही. त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं.

साठ-सत्तर टक्क्यांच्या अधल्यामधल्या ब्लॉकला एक चांगली सोय आहे, तिच्याबद्दल विचारायला लाजू नका. टोकावर दाब मोजणारी बारीक वायर ब्लॉकच्या पलीकडे न्यायची आणि अलीकडचा-पलीकडचा दाब ताडून बघायचा. एफएफआर म्हणतात त्याला. गुणोत्तर ०.८० च्या वर राहिलं तर तो ब्लॉक दिसायला दांडगा, पण रक्त अडवत नाही. मोजताना औषध देतात त्याने अर्धा-एक मिनिट छाती जड होते, घाबरू नका. मला हे करायला फार आवडतं. डोळ्यांना ऐंशी वाटलेला ब्लॉक आकड्यात निर्दोष सुटतो आणि साठवाला पकडला जातो, तेव्हा खोलीतले सगळेच जरा नम्र होतात.

फुग्याने हृदयाची नळी उघडायची पहिली अँजिओप्लास्टी १६ सप्टेंबर १९७७ ला झ्यूरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी केली, अडतीस वर्षांच्या माणसावर. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते. फुग्याने उघडलेली नळी पुन्हा आकसायची, म्हणून १९८६ पासून स्टेंट आले, आणि पुढे औषधाचा लेप असलेले. आपल्याकडे त्यांच्या किमतीचा बाजार मांडला गेला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत बांधली, लेपाच्या स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०. नंतर हे आकडे वेळोवेळी बदलले, पण मर्यादा राहिली. बिलात स्टेंटचा वेगळा उल्लेख असतो, कंपनी आणि बॅच नंबरसकट, आणि डब्यावरचा स्टिकर फाइलला लावतात. तो आहे का बघा. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेचं ऑपरेशन सगळं बसतं. दवाखाना योजनेत असेल तर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल शोधा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. इमर्जन्सीत मंजुरी फोनवर मिळते, कागद नंतर.

स्टेंटनंतरची खरी परीक्षा घरी. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असतात. अ‍ॅटॅकनंतर साधारण वर्षभर, स्थिर त्रासासाठी बसवला असेल तर बहुधा सहा महिने, आणि मग एक कायम. हातावर निळे डाग पडतात, दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, आणि कुणीतरी सांगतं, "एवढ्या गोळ्या कशाला खातोस, काढा घे." किंवा दाढ काढायची म्हणून दोन्ही गोळ्या परस्पर बंद. मग स्टेंटमध्येच गुठळी होते आणि माणूस पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत परत येतो. दाढ असो, मोतीबिंदू असो, ज्यांनी स्टेंट घातला त्यांना आधी फोन करा.

बायपास आमच्या खोलीत होत नाही, म्हणून त्यावर मी कमी बोलते. ती क्लीव्हलंडलाच १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी रुळवली, सोन्सच्या अँजिओग्राफीच्या फिल्म तासन् तास बघून. छातीच्या आतली एक धमनी आणि पायातली शीर वापरून ब्लॉकच्या पलीकडे नवा रस्ता करतात. पायाला टाके का, याचं उत्तर हे. मधुमेही माणसाच्या तिन्ही नळ्या खराब असतील, तर बायपास पुढच्या काही वर्षांत स्टेंटपेक्षा सरस ठरते. तिथे "छाती फाडायला नको, चार-पाच स्प्रिंगा टाका" हा हट्ट मला खरंच कळत नाही.

माझी सगळ्यात आवडती केस मात्र ब्लॉकची नाहीच. बीएमव्ही, म्हणजे चिकटलेली झडप फुग्याने उघडणं. लहानपणी घशाचा संसर्ग होऊन सांधे सुजले, ताप आला, सगळे विसरून गेले. त्या तापाने हृदयाची झडप आतून चिकटत राहिली, आणि विशी-पंचविशीत, बऱ्याचदा पहिल्या बाळंतपणात, पोरीला झोपल्यावर दम लागायला लागला. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांतल्या बायका यात मी बऱ्याच बघितल्या. मांडीतल्या शिरेतून नळी नेऊन हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक पाडतात आणि त्यातून फुगा झडपेत. जपानचे कांजी इनोवे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा फुगा काढला. तो आधी पुढून फुगतो, मग मागून, शेवटी कमरेतून, म्हणून झडपेत नेमका अडकून बसतो. फुगवणं काही सेकंदांचं. माझ्या मॉनिटरवर डाव्या वरच्या कप्प्याचा दाब पंचवीस-तीसवर असतो. फुगा सोडला की तो उतरायला लागतो, वर-खालच्या कप्प्यांच्या आलेखांतली फट मिटत जाते. पोरीला विचारलं तर म्हणते, "ताई, छाती हलकी झाली." टेबलावरच. स्टेंटमध्ये हे सुख नाही. नंतर दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि ते टोळीबरोबर फिरताना चुकतं. साखर कारखान्याच्या तळावरच्या दवाखान्यात ते मिळतं का, हे चिठ्ठी देताना मी विचारते.

पेसमेकरवर, म्हणजे ठोके मंदावले की विजेने हृदय चालतं ठेवणाऱ्या डबीवर, वेगळं लिहायला हवं, पण एक गोष्ट थांबवत नाही. शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासच चालला. पण मशीन बदलत बदलत ते २००१ पर्यंत जगले, बसवणाऱ्या सर्जनच्या आणि बनवणाऱ्या इंजिनिअरच्याही पुढे. आजची बॅटरी आठ ते बारा वर्षं चालते. मग गळपट्टीच्या हाडाखालची तीच जागा उघडून डबी बदलतात. एमआरआय करायचा असेल तर पेसमेकर कुठल्या प्रकारचा आहे ते आधी सांगावं लागतं. आजच्या स्टेंटला तशी अडचण नसते. आणि हे घरात कुणी बोलत नाही म्हणून मी लिहिते: पेसमेकरवाल्या माणसाचं निधन झालं तर अंत्यसंस्काराआधी तो काढून घ्यावा लागतो, कारण चितेत किंवा विद्युतदाहिनीत बॅटरी फुटते. दवाखान्यात सांगितलं की काढून देतात, छोटं काम आहे. स्टेंट काढावा लागत नाही. पेसमेकरसोबत एक कार्ड मिळतं, त्यावर मॉडेल आणि तारीख असते. ते पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये.